एक सूत रुंद, अडीच सूत खोल

९ मार्च २०२५, रविवार, अमळनेर

ताईचा फोन आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही पोरांना घेऊन आठ दिवस माहेरी येतेय. आखाजी ३० एप्रिलला. म्हणजे हातात सात आठवडे, त्यातही कामाचे फक्त रविवार आणि अधूनमधून पहाटेचे दोन तास.

स्लॉट कारचा प्लास्टिकचा सेट माळ्यावरून खाली काढला. दोन्ही गाड्या ठणठणीत आहेत. ट्रॅकचे तुकडे मात्र सांध्यांवर ढिले झालेत, गाडी प्रत्येक सांध्यावर अडखळते. मागच्या वर्षी भाचे दहा मिनिटांत उठून गेले, ते मनाला लागून राहिलं होतं. या खेळाची सगळी मजा सलग वाटेत आहे. म्हणून यंदा लाकडी ट्रॅक करायचा. आठ बाय चारची १२ मिमी एमडीएफची (लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळीची) एक अख्खी शीट घ्यायची आणि तिच्यात राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या विजेच्या मशीनने, दोन खाचा पाडायच्या, एकही सांधा नको.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: गाडीच्या नाकाखाली एक छोटं पातं असतं, ते खाचेत बसतं आणि गाडीला वाट दाखवतं. खाचेच्या दोन्ही काठांना तांब्याच्या पट्ट्या चिकटवतात, त्यांतून १२ व्होल्टचा डीसी करंट गाडीच्या मोटरला मिळतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली स्कॅलेक्स्ट्रिक बाजारात आलं तेव्हापासून तत्त्व तेच आहे. लाकडी ट्रॅकवर एक फरक पडतो. प्लास्टिकच्या ट्रॅकमध्ये लोखंडी रूळ असतात, त्यांना गाडीखालचं चुंबक धरून ठेवतं. तांब्याला चुंबक धरत नाही. त्यामुळे गाडी टायरच्या पकडीवर आणि चालवणाऱ्याच्या बोटावर उभी राहते. मला तेच हवंय.

म्हणजे सगळी भिस्त खाचेवर. खाच वाकडी गेली, कमी-जास्त रुंद झाली किंवा तळाशी उंच-सखल राहिली, तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

१२ मार्च, बुधवार

रात्री शेजारच्या अप्पांकडे गेलो. अप्पा चाळीस वर्षं सुतारकाम करताहेत. सागाचे दरवाजे, झोपाळे, आता किचन ट्रॉल्या आणि सनमाईका. त्यांना कागदावरची मापं दाखवली: रुंदी ३.१७५ मिमी, खोली ८ मिमी. त्यांनी चष्मा वर केला, खिशातली घडीची फूटपट्टी उघडली आणि म्हणाले, “भाऊ, हाई ते सरळ एक सूत शे. अन् खोली अडीच सूत.”

इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, अडीच सूत म्हणजे ७.९ मिमी. मी आठवडाभर दशांशात घोळत होतो आणि ते माप अप्पांच्या खिशात होतं. राउटरमध्ये बसणारं, फिरून कापणारं टोक म्हणजे बिट. त्याचा दांडा पाव इंची, म्हणजे दोन सूत. आता दुकानात काय मागायचं ते कळलं.

तीन मिमीचं बिट का नको, हे लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे तीनचं सहज मिळतं आणि मोह होतो. माझ्या गाडीचं पातं व्हर्नियरवर (बारीक मापं घ्यायच्या पट्टीवर) २.८ भरलं. तीनच्या खाचेत दोन्ही बाजूंना एकदशांश मिमी उरतं. त्यावर प्रायमर आणि रंगाचा हात बसला की पातं घासणार. एक सूत खाचेत रंग धरूनही पातं मोकळं राहतं आणि गाडी हेलकावेही खात नाही.

१६ मार्च, रविवार

राउटर कोणता, याचा आज निकाल लावला.

अप्पांकडे दोन मशीन आहेत. एक मोठा प्लंज राउटर, अर्धा इंची कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी नळी), दोन्ही हातांनी धरायचा. दुसरा ट्रिमर, ज्याने ते सनमाईकाच्या कडा तासतात. मी मोठ्याच्या बाजूने होतो. तो वरून सरळ खाली उतरतो, खोलीचे टप्पे लावता येतात, ताकद भरपूर. अप्पांनी दोन्ही मशीन अंगणात मांडली, जुन्या शीटचा तुकडा दिला आणि खडूने वळण काढून म्हणाले, करून पाहा.

मोठ्या राउटरवर सरळ रेघ उत्तम आली. वळणावर मात्र पाच-सहा किलोचं ओझं फिरवताना मनगट आणि मशीन यांची ओढाताण होते. बिट इतकं बारीक की ते कापतंय की अडतंय हे त्या वजनाखाली हाताला कळतच नाही. बारीक बिट मोडतं ते असंच, कडेने दाब येतो आणि तो आपल्याला समजतच नाही. ट्रिमर दीड किलोचा. एका हाताच्या मुठीत मावतो, आणि लाकडातली कुरकुर थेट तळव्याला लागते.

ताकदीचा मुद्दाही हिशेबाने सुटला. ३.१७५ मिमीचं बिट मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची धार सेकंदाला साधारण पाच मीटर धावते. तेवढ्याच फेऱ्यांवर ५० मिमीच्या बिटाची धार ७८ मीटर धावेल, म्हणून मोठ्या बिटांना वेग कमी करावा लागतो. आपलं बिट पूर्ण वेगावरच नीट कापतं. तेव्हा वेग कमी-जास्त करायचं बटण या कामापुरतं लागत नाही, आणि एका वेळी तीन मिमी खोल कापायला पाचशे वॉट पुरतात.

अप्पांचा ट्रिमर रोज साईटवर लागतो, तो सहा आठवडे अडकवणं बरोबर नाही. नवा घ्यायचा म्हणून पाहिलेले तीन: मकिता ३७०९ (५३० वॉट, ३०,००० फेऱ्या), बॉश जीकेएफ ५५० (५५० वॉट, ३३,००० फेऱ्या) आणि मकिता आरटी०७००सी (७१० वॉट, वेग १०,००० ते ३०,०००, वेगळा प्लंज बेस लावता येतो). पुढे फर्निचरही करायचं असेल तर तिसरा घ्यावा. फक्त ट्रॅकसाठी पहिल्या दोघांत निवड करत बसण्यात अर्थ नाही. जो मुठीत नीट बसेल, ज्याच्या खोलीचा स्क्रू घट्ट धरेल आणि ज्याला पाव इंची कॉलेट मिळेल तो घ्यावा.

२३ मार्च, रविवार

सकाळच्या गाडीने जळगाव. ट्रिमर घेतला, पाव इंची कॉलेटसह. बिटांसाठी पाच दुकानं फिरलो. बहुतेकांकडे खाचेची बिटं सहा मिमीपासून पुढे. शेवटी एका दुकानात एक सूतवाली निघाली, चार घेतली:

सरळ दोन धारांचं कार्बाइड, म्हणजे स्टीलपेक्षा कठीण धातूची धार. वळणदार धारेचं अपकट, जे भुसा वर ओढतं. डाउनकट, जे भुसा खाली दाबतं. आणि एक साधं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं), स्वस्तातलं.

धारेची लांबी बघून घेतली. ८ मिमी कापायचंय तर साडेनऊ ते बारा मिमी धार बस्स. वीस-बावीसची लांब धार घेतली तर बिट लवतं आणि लवलं की मोडतं. दांडा जाड आणि टोकाला फक्त कापण्यापुरतं बारीक, अशीच घडण हवी.

परतताना चटईच्या कारखान्यांच्या बाजूला एका प्लास्टिकवाल्याकडून ५ मिमी जाडीच्या घन पीव्हीसीच्या १० मिमी रुंद पट्ट्या कापून घेतल्या, आठ-आठ फुटी तीन. आतून फोम असलेलं पीव्हीसी घेऊ नये, ते नखाने दबतं. पट्ट्यांचं काम पुढे येईल.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून, पुरणपोळी खाऊन, दुपारी उन्हं कलल्यावर मशीनला हळद-कुंकू लावलं आणि पहिल्या चाचण्या घेतल्या. एमडीएफच्या एकाच तुकड्यावर चार खाचा, प्रत्येक ३, ३ आणि २ मिमी खोल अशा तीन पासमध्ये, म्हणजे एकाच खाचेवरून तीनदा मशीन फिरवून.

एचएसएस पहिल्या मीटरभर बरं चाललं. दुसऱ्या मीटरला वास बदलला. एमडीएफमधला डिंक कडक असतो, साध्या स्टीलची धार तो खाऊन टाकतो. फिक्या बदामी भुशाच्या जागी कॉफीच्या रंगाचा भुसा यायला लागला की समजावं, धार गेली आणि बिट आता कापण्याऐवजी घासतंय.

डाउनकटने वरच्या कडा पाहण्यासारख्या दिल्या, काचेसारख्या. पण अख्ख्या रुंदीची खाच कापताना भुशाला वर यायला वाट नाही. तो तळाशी ठासून बसला, खिळ्याने उकरून काढावा लागला, आणि बिट हात लावू नये इतकं तापलं.

अपकटने खाच झाडून स्वच्छ ठेवली. काठावर बारीक लव उभी राहिली, ती १८० नंबरच्या पॉलिश पेपरच्या दोन हातांत गेली.

सरळ कार्बाइडने दोन्हींमधलं दिलं. काठ पुरेसे साफ, भुसा अर्धा बाहेर, अर्धा आत सैल. ब्रशने निघतो. खाचेच्या भिंतीवर नख उभं फिरवलं, कुठेही अडकलं नाही. तळ सपाट.

मनातून अपकट आवडलं होतं. उद्यापासून त्यावरच काम करायचं ठरवून झोपलो.

६ एप्रिल, रविवार

अपकट बाद. कारण नीट लिहितो, कारण ही चूक कोणाकडूनही होईल.

सरावासाठी दोन मीटरची खाच मारत होतो, खोली ३ मिमीवर लावलेली. दीड मीटर गेल्यावर आवाज जड झाला. मशीन बंद करून खोली मोजली: सुरुवातीला ३, मध्ये ४.५, शेवटी ७. बिट कॉलेटमधून हळूहळू खाली सरकत होतं. नट पान्याने कचकचून आवळलेला होता, तरीही.

दांडा व्हर्नियरवर धरला. ६.०० मिमी. पाव इंच म्हणजे ६.३५. दुकानात चारही बिटं ‘पाव इंची’ म्हणून एकाच डब्यातून दिली होती, त्यांत हे एक सहा मिमीचं मिसळलेलं. डोळ्यांना फरक दिसत नाही. कॉलेट त्यावर मिटतं, पण पूर्ण पकडत नाही. त्यात अपकटची धार स्क्रूसारखी, ती लाकडात स्वतःलाच खाली ओढत नेते. मोठ्या शीटवर हे झालं असतं तर शीट गेली असती, आणि बिट पूर्ण सुटलं असतं तर माझा पाय.

बाकीची तीन मोजली: ६.३५, ६.३५, ६.३५. पुढे प्रत्येक बिट दुकानातच व्हर्नियर लावून घेणार. सहाचं बिट वापरायचंच असेल तर सहाचं कॉलेट वेगळं घ्यावं, मध्ये कागद किंवा पत्रा घालून जुळवणी अजिबात करू नये. आणखी एक गोष्ट अप्पांनी सांगितली: दांडा कॉलेटच्या तळाला टेकवून मग एक सूत वर उचलायचा आणि नट आवळायचा. टेकलेला ठेवला तर पकड पक्की बसत नाही.

निवड झाली: सरळ दोन धारांचं कार्बाइड, दांडा ६.३५, धार १२ मिमी. अशीच आणखी दोन मागवली, कारण एक मोडेल हे धरून चालायचं.

१० एप्रिल, गुरुवार

ट्रिमरचा तळ चौकोनी आहे. सरळ पट्टीला चौकोनी तळ चालतो. वळणावर तो पट्टीला कधी कडेने टेकतो, कधी कोपऱ्याने, आणि बिट पट्टीपासून कधी जवळ, कधी लांब जातं. खाच लाटेसारखी येते. म्हणून तळाखाली ६ मिमी ॲक्रिलिकची गोल चकती बसवली, बरोबर ९० मिमी व्यासाची. गोल चकती कशीही फिरली तरी पट्टीपासून बिटाचं अंतर ४५ मिमीच राहतं.

राहायला हवं खरं. चकतीचं केंद्र आणि बिटाचं केंद्र केसभरही चुकलं तर पुन्हा तीच लाट. माझी चकती अर्धा मिमी चुकली होती. भोकं घासून जवळ आणली, आणि तरीही खबरदारी म्हणून कडेवर काळा ठिपका दिला. तो ठिपका कायम पट्टीकडे ठेवून मशीन चालवायचं. मग उरलेली चूक सगळीकडे सारखी राहते, म्हणजे ती चूक राहतच नाही.

१३ एप्रिल, रविवार

आखणी. दोन्ही टोकांना अर्धगोल, आणि एका लांब बाजूला आत घेतलेला एक वाक. हा वाक कागदावर काढता येतो, पण शीटवर तो डोळ्यांना गोड दिसायला हवा. त्यासाठी शेतातली जुनी ठिबकची १६ मिमीची नळी आणली. गुंडाळी करून ठेवलेल्या नळीच्या अंगातच वळण असतं, ती शीटवर टाकली की आपोआप सुरेख रेघ धरते. कुठेही कोपरा पडत नाही. तिच्या कडेने पेन्सिल फिरवली.

त्या रेघेवर पीव्हीसीची पट्टी स्क्रूने बसवायची. पट्ट्या सकाळी नऊला गच्चीवर टाकल्या. आपलं एप्रिलचं ऊन! अकराला त्या हातात लवचीक झाल्या होत्या, गरम असतानाच वाकवून दर १० सेंमीवर स्क्रू मारले, डोकी पृष्ठभागाच्या आत. दोन पट्ट्यांचा सांधा तिरपा कापून जुळवला. सरळ कापला असता तर चकती तिथे ठेचकाळली असती आणि तो ठेचका खाचेत उमटला असता.

पट्टी एकच, खाचा दोन, ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पट्टी ट्रॅकच्या मधोमध आहे. चकती तिच्या बाहेरच्या बाजूने फिरवली की बाहेरची खाच, आतल्या बाजूने फिरवली की आतली. दोन खाचांमधलं अंतर ४५ अधिक १० अधिक ४५, म्हणजे नेमकं १०० मिमी, सरळीतही आणि वाकातही. दुसऱ्या खाचेसाठी वेगळी आखणी लागतच नाही.

टोकांना पट्टीची त्रिज्या ४६०, म्हणून बाहेरच्या खाचेची ५१०, आतलीची ४१०. बाहेरची लेन साधारण पावणेसहा मीटर होते. गाड्या १:३२ प्रमाणाच्या, त्या मानाने खऱ्या रस्त्याचे १८० मीटर. आतली लेन ६२८ मिमीने लहान. वाक कितीही घेतला तरी हा फरक बदलत नाही, लेनी एकमेकींना छेदत नसतील तर तो दोन पाय (π) गुणिले अंतर एवढाच येतो.

२० एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाचला सुरुवात. अंगणात कडुनिंबाखाली सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर शीट, खाली आधाराला तीन आडवे पट्टे. तोंडाला एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. एमडीएफचा भुसा पिठासारखा असतो आणि त्यात डिंक असतो, मास्कशिवाय कोणी उभंही राहू नये. पोरांना आत पाठवलं.

ट्रिमरला प्लंज नाही, म्हणून सुरुवातीच्या जागी आधीच ४ मिमीचं आठ मिमी खोल भोक पाडलं. बिट त्यात उभं करायचं, मग बटण.

दिशेचा नियम आदल्या रात्री शीटवर खडूने बाण काढून ठेवला होता. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. मशीन पुढे ढकललं की लाकूड त्याला डावीकडे लोटतं. म्हणून पट्टी कायम डाव्या हाताला हवी, म्हणजे मशीन आपसूक पट्टीला चिकटून चालतं. पट्टी उजवीकडे ठेवली तर ते दर क्षणी पळायला बघतं. याचा अर्थ बाहेरची खाच काट्याच्या उलट दिशेने आणि आतली काट्याच्या दिशेने.

पहिला पास ३ मिमी. पहिला मीटर मी घाईत होतो. मागून अप्पा म्हणाले, “मशीनले ढकलू नको भाऊ, तिले चालू दे.” हात सैल सोडला. आवाज लगेच एकसुरी झाला, बदामी भुशाची सलग ओळ मागे पडायला लागली. पावणेसहा मीटरला चार मिनिटं लागली. थांबायचं नाही, कारण जिथे थांबलं तिथे बिट जागच्या जागी घासून काळा डाग देतं.

दुसऱ्या पासमध्ये, वाकावर, वीज गेली. मशीन तसंच खाचेत उभं ठेवून मी गल्लीत बघायला गेलो, सगळीकडचीच गेली आहे का. बटण चालू राहिलं होतं. सरकत्या बटणाचा ट्रिमर वीज आली की स्वतःहून सुरू होतो. तो सुरू झाला, धरायला कोणी नव्हतं, आणि पट्टीपासून दूर सरकत खाचेची भिंत चार सेंमी खाऊन थांबला. अप्पांनी धावत जाऊन वायर ओढली.

दिवसभर जीव हळहळला. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तिथे कोणाचा हात नव्हता. आता नियम: वीज गेली की आधी प्लग उपटायचा, मग बाकी सगळं.

२१ एप्रिल, सोमवार

खाल्लेली भिंत फेव्हिकॉल आणि चाळलेला एमडीएफचा भुसा यांच्या घट्ट लगद्याने भरली. काल पट्टी काढली नाही हे चांगलं झालं, तिच्याच आधारावर पुन्हा नेमकी तीच खाच मारता येईल.

२३ एप्रिल, बुधवार

लगदा दगडासारखा झालाय. पहाटे बाहेरच्या खाचेचे उरलेले दोन्ही पास पुरे केले. भरलेली जागा रंगाने जरा गडद दिसते, नखाला समजत नाही. खोली दहा ठिकाणी मोजली, ७.९ ते ८.१.

२७ एप्रिल, रविवार

आतली खाच. दोन तासांत तिन्ही पास, एकही अडथळा नाही. हात बसला होता. त्याच बिटाने दोन्ही लेनी मिळून तेहतीसेक मीटर कापले, शेवटच्या दोन मीटरला आवाज थोडा चढला. दुसऱ्या ट्रॅकसाठी नवं बिट लागेल.

पट्टी काढली, स्क्रूची भोकं लांबीने (पुट्टीने) भरली, खाचेत पॉलिश पेपर दुमडून फिरवला. संध्याकाळी खाचेला पातळ प्रायमर. आपल्याकडे आता हवा कोरडी आहे, पण पावसाळ्यात उघडा एमडीएफ ओल पिऊन फुगतो आणि खाच आवळते.

२९ एप्रिल, मंगळवार

काल रंग, आज सहा मिमीची तांब्याची चिकटपट्टी, जोडणी आणि सोल्डर. रात्री साडेदहाला पहिली गाडी. ती सुरुवातीच्या भोकावरून गेली, वाकावरून गेली, भरलेल्या जागेवरून गेली. कुठेही टक् झालं नाही. फक्त टायरचा सळसळ आवाज. आई झोपेतून उठून बघायला आली.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी घागर पूजन, नैवेद्य. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. बाहेर कडुनिंबाला झोका बांधलाय, ताई आणि तिच्या मैत्रिणी गौराईची गाणी म्हणताहेत. मुलं दुपारपासून ट्रॅकभोवती आहेत.

भाचीने तिसऱ्या शर्यतीतच विचारलं, “मामा, आतली लेन छोटी आहे ना?” तिने दोरा लावून दोन्ही मोजल्या होत्या. आता दर दहा फेऱ्यांनी लेन बदलायची असं त्यांनीच ठरवलंय.

एक काम उरलं. बाहेरच्या लेनवरून भाचा वाकात इतक्या जोरात येतो की गाडीची शेपटी तिथल्या कठड्याला लागते. तिथे काठाला दोन इंच एमडीएफची पट्टी वाढवायची. उद्या पहाटे, वीज असेपर्यंत.